फ्युएल पंपाला व्होल्टेज किती द्यावं? (ऑक्टाव्हिया आरएस, रीमॅप, वर गेल्यावर लीन)

चौथागियर, पुणे

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

गाडी: २००५ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो. कंपनीतून निघाली तेव्हा १५० अश्वशक्ती. दोन वर्षांपूर्वी रीमॅप केलं (ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललं), डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, १९०च्या आसपास दाखवते. बूस्ट (टर्बोचा दाब) साधारण १ बार. इंजेक्टर मूळचेच, पंपही मूळचाच.

त्रास असा. साडेचार हजार आरपीएमपर्यंत सगळं झकास. पाच हजारांच्या वर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला की वाइडबँड मीटरवर लॅम्डा (हवा-पेट्रोलाचं प्रमाण) ०.८२वरून सरकत ०.९१-०.९२पर्यंत जातो, म्हणजे गाडी लीन, पेट्रोल कमी पडतंय. ईसीयूला नॉक (सिलिंडरमधला अकाली ठोका) ऐकू येतो, तो टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे ओढतो आणि गाडी कुणीतरी शेपूट धरल्यासारखी अडखळते. सकाळी गार हवेत कमी, दुपारी एसी आणि हेडलाइट चालू असताना जास्त. फिल्टर बदलला, प्लग बदलले, फरक नाही.

एका मित्राकडे पंपाचा व्होल्टेज बूस्टर पडून आहे. बूस्ट चढला की पंपाला १७ व्होल्ट देतो म्हणे. अठरा हजार मागतोय. लावू का?

घाटवेडा, सातारा

बूस्टर कशाला, सरळ २५५चा पंप टाका. तासाला २५५ लिटर. मी टाकलाय, विषय संपला.

आज्जीची_पद्मिनी, दादर

आमच्या पद्मिनीला व्होल्टेज लागतच नाही, पंप इंजिनच्या कॅमवर चालतो. मे महिन्यात कसारा घाटात बंद पडली की पंपावर ओलं फडकं टाकायचं, दहा मिनिटं आंबे खायचे, परत सेल्फ. ट्यूनिंग झालं.

(अवांतराबद्दल क्षमस्व. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.)

मीटरवाली, ठाणे

चौथागियर, अठरा हजार खिशातच ठेवा आणि आधी एक साधा प्रश्न: तुमच्या पंपाला आत्ता किती व्होल्ट मिळतायत? बॅटरीवर किती आहेत ते मला नको, पंपाच्या पिनांवर किती पोहोचतात ते सांगा. तेही पंप चालू असताना. सॉकेट काढून मोकळ्या पिनांवर मोजू नका. करंट वाहत नसेल तर कुजलेली वायरसुद्धा पूर्ण १३.८ दाखवते. नळ बंद असताना पाइपात दाब पुरेसाच दिसतो, तोटी उघडली की कळतं वरच्या मजल्यावर काय येतं ते.

मोजायची पद्धत. मागची सीट उचला, टाकीवरचं झाकण काढा, पंपाचा सॉकेट जागेवरच ठेवून मागच्या बाजूने बारीक पिना घाला. इंजिन अडीच हजारांवर धरायला एक माणूस बसवा, हेडलाइट आणि एसी चालू. मग तीन आकडे घ्या:

– बॅटरीच्या दोन टर्मिनलांमध्ये
– बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत (लांब वायर जोडून)
– पंपाच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत

दुसरा आणि तिसरा मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवेत. तिसरा कुणी मोजत नाही, आणि माझ्या अनुभवात निम्मे चोर तिथेच सापडतात. क्लॅम्प मीटर मिळाला तर करंटही घ्या. डीसी मोजणारा लागेल, घरच्या वायरिंगवाल्याकडचा साधा क्लॅम्प फक्त एसी करंट मोजतो.

झाकण उघडलंत की पेट्रोलची वाफ असणारच. दारं उघडी, जागा मोकळी, सिगारेटवाले मित्र लांब. मीटरची टोकं आधी घट्ट बसवायची आणि मगच इग्निशन ऑन.

ऑकलंडचा_बाळ, न्यूझीलंड

मीटरवाली ताईंना +१.

इकडे जपानमधून आलेल्या जुन्या गाड्या गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे हा विषय रोज कानावर पडतो. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच गाड्यांत कंपनी स्वतःच पंपाला मुद्दाम कमी व्होल्टेज देते. टोयोटा सुप्रा, जेझेडए८० पिढी: पंपासाठी वेगळा छोटा ईसीयू आहे, तो हलक्या लोडवर ९ व्होल्टच्या आसपास देतो आणि लोड वाढला की १२च्या पुढे. निसान स्कायलाइन आर३२ जीटी-आरमध्ये डिकीत मॉड्युलेटर. माझदा आरएक्स-७ एफडीमध्ये रिले आणि रेझिस्टर. सुबारूमध्ये तेच काम तुकड्या-तुकड्यांनी करंट देऊन होतं.

कारण असं की पंप आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) पूर्ण जोरात पळवला तर इंजिनाला लागतं चमचाभर आणि बाकीचं सगळं पेट्रोल रेगुलेटरमधून परत टाकीत. तेच पेट्रोल इंजिनाच्या उष्णतेतून गोल गोल फिरून तापतं. वर पंपाचा आवाज, ब्रशची झीज. म्हणून रांगताना हळू, पळताना जोरात.

मग आमच्याकडची पोरं काय करतात, तर "१२ व्होल्ट मॉड". तो छोटा ईसीयू बायपास करून पंप थेट बॅटरीवर. मोठा पंप बसवला असेल तर ते लागतंही, कारण मूळच्या त्या डबीला एवढा करंट झेपत नाही. पण मागचा रेगुलेटर आणि रिटर्न पाइप लहान असतील तर आयडलला एवढं पेट्रोल परत जाऊ शकत नाही आणि रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीतला) बेस प्रेशर चढतो. ३ बार हवा तिथे साडेतीन. गाडी आयडलला रिच (पेट्रोल जास्त), प्लग काळे, आणि पठ्ठ्या म्हणतो पंप खराब आला.

तुमच्या ऑक्टाव्हियात ही दोन पायऱ्यांची भानगड नाही, साध्या रिलेवर पूर्ण व्होल्टेज. म्हणजे जे कमी पडतंय ते कंपनीने मुद्दाम कापलेलं नाही, वाटेत कुणीतरी खातंय.

घाटवेडा, सातारा

मोजमापं करत बसा, तोवर आमची गाडी महाबळेश्वरला जाऊन परत येईल. मोठा पंप टाकला की व्होल्टेज कमी असलं तरी पेट्रोल पुरतंच की!

मीटरवाली, ठाणे

घाटवेडा, पुरतं की नाही ते आकड्यात बघू या.

टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण लोडवर, थोडं रिच चालवताना, दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल पितं. १९० अश्वशक्तीला होतात ५१ किलो, म्हणजे ६९ लिटरच्या आसपास. आता पेट्रोल पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) मिळतं. इथेनॉलला जाळायला हवा कमी लागते, म्हणजेच तेवढ्याच हवेला द्रव जास्त घालावा लागतो. शुद्ध पेट्रोलचं हवेशी गुणोत्तर १४.७, ई२०चं साडेतेराच्या जवळ. सात-आठ टक्के वाढवा, ७५ लिटर झाले. वर वीस-पंचवीस टक्के हात राखून ९०-९५.

२५५चा पंप यापेक्षा दुपटीहून मोठा आहे. तो करंटही जास्त ओढतो, म्हणजे त्याच जुन्या वायरीत व्होल्टेज आणखी पडतं. तुमची गाडी चालतेय यात शंका नाही, पण तुमच्या वायरी हाताला गरम लागतात का ते एकदा बघाच.

आणि पंपावर छापलेला लिटरचा आकडा कुठल्या प्रेशरला आणि किती व्होल्टला मोजलेला असतो ते आधी वाचा, बहुधा ४० पीएसआय आणि १३.५ व्होल्ट. चौथागियर, तुमच्या इंजिनात १ बार बूस्ट आला की रेगुलेटर रेलमधला दाबही १ बारने वाढवतो, नाहीतर इंजेक्टरच्या तोंडाशी बूस्टच उलटा ढकलेल. म्हणजे ३चे ४ बार, जवळपास ५८ पीएसआय. दाब वाढला की पंपाची मोटर जड होते, करंट जास्त ओढते, वेग कमी होतो, लिटर कमी होतात. नेमकं त्याच वेळी इंजिनाला सगळ्यात जास्त पेट्रोल हवं असतं. वरच्या आरपीएमलाच गाडी लीन होते ती यामुळे.

डेट्रॉइटकर, मिशिगन

बूस्टरची बाजू घेतो थोडी, कारण ती वस्तू अगदीच टाकाऊ नाही.

अमेरिकेत हा प्रकार वाढला तो मुख्यतः फोर्ड मस्टँगवाल्यांमुळे. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून त्या गाड्या रिटर्नलेस झाल्या. रेलमधून पेट्रोल परत आणणारा पाइपच नाही, रेलवर प्रेशरचा सेन्सर, आणि एक ड्रायव्हर मॉड्यूल पंपाला हवा तेवढाच वेग देतं. अशा गाडीवर सुपरचार्जर चढवला की पंप कमी पडतो, पण मोठा पंप, रिटर्न पाइप, नवा रेगुलेटर हा सगळा संसार मांडायचा नसतो. मग केनी बेलचं बूस्ट-अ-पंप. आत डीसी ते डीसी कन्व्हर्टर. प्रेशर स्विचने बूस्ट ओळखला की पंपाला १७ व्होल्ट किंवा त्याहून जास्त. एरवी साधी लाइन पुढे सोडतो. थोड्या सेकंदांसाठी पंप जास्त पळतो, ड्रॅग स्ट्रिपवर तेवढं पुरतं. शेजाऱ्याच्या गाडीत मी स्वतः बसवून दिलाय, नीट चाललाय.

पण त्या गाडीची वायरिंग धड होती. पाया भक्कम असेल तर वर मजला चढवा. शिवाय १७ व्होल्टवर ब्रशचं आणि कम्युटेटरचं आयुष्य घटतंच, आणि टाकीत पेट्रोल कमी असताना पंप कोरडा पडू द्यायचा नाही. पेट्रोलच त्याला गार ठेवतं.

चौथागियर, पुणे

मोजलं! रविवारची सकाळ गेली. मेहुण्याला अ‍ॅक्सिलरेटरवर बसवलं होतं.

बॅटरीवर १३.८
प्लसच्या बाजूला पडझड १.३
मायनसच्या बाजूला १.५
पंपाच्या पिनांवर ११.०
करंट ७.५ अँपियर

ताई म्हणाल्या तसंच निघालं. मायनसवाली जास्त.

मीटरवाली, ठाणे

२.८ व्होल्ट गुणिले ७.५ अँपियर, २१ वॅट. इंडिकेटरचा मोठा बल्ब बरोबर २१ वॅटचा असतो. तेवढा एक बल्ब तुमच्या कार्पेटखाली गाडी चालू असेपर्यंत पेटलेला आहे असं समजा, फक्त उजेड नाही.

आता तो बूस्टर याच वायरींवर लावला असता तर काय झालं असतं बघा.

तुमच्या वाटेचा एकूण रोध २.८ भागिले ७.५, म्हणजे ०.३७ ओहम. बूस्टर मागे, पंपाजवळ बसवला असं धरू. १७ व्होल्टवर पंप समजा ९ अँपियर ओढतो, १५३ वॅट. कन्व्हर्टरची स्वतःची गळती धरून आत १७० वॅट यायला हवेत. १३.८ व्होल्टच्या बॅटरीतून ०.३७ ओहमच्या वाटेने जास्तीत जास्त किती वॅट पलीकडे पोहोचू शकतात? व्होल्टेजचा वर्ग भागिले चार गुणिले रोध. साधारण १२८. म्हणजे १७० वॅट पोहोचणं शक्यच नाही! बूस्टर जितकं जास्त ओढेल तितकं व्होल्टेज खाली बसेल, ते बसलं की तो आणखी ओढेल, आणि शेवटी एक तर फ्यूज जाईल नाहीतर तो स्वतः बंद पडेल. नेमका पूर्ण बूस्टवर.

बरं, पुढे बॅटरीजवळ बसवला तर? १७मधून ९ गुणिले ०.३७, म्हणजे ३.३ वाटेत गेले. पंपावर १३.७. अठरा हजार मोजून जे मिळालं ते मुळातच मिळायला हवं होतं. आणि मायनसच्या त्या एका जोडावर १६ वॅट उष्णता, टाकीपासून वीतभर अंतरावर.

पंपाचा अर्थ (मायनसची वायर) गाडीच्या पत्र्याला कुठे जोडलाय शोधा. सुट्टीतला गृहपाठ.

वायरमन_कोल्हापूर

ताईंनी हिशोब लई बेस मांडलाय. वाचनखूण साठवली.

चौथागियर भाऊ, गाडीचं मागं कधी डेंटिंग-पेंटिंग झालंय का? मी दहा गाड्या बघितल्या तर चारात हेच. पेंटर अर्थचा बोल्ट काढतो, रंग मारतो, आणि रंगावरच थिंबल (वायरच्या टोकाचं कडं) ठेवून परत आवळतो. बोल्टच्या आट्यांतनं जेवढा करंट जाईल तेवढा. पहिली दोन वर्षं चालतंय, मग आट्या गंजतात.

चौथागियर, पुणे

वायरमन साहेब, तुम्ही ज्योतिषी आहात का? २०१९मध्ये मागून एकाने ठोकली होती. उजवा क्वार्टर पॅनल आणि खालचा पत्रा रंगवला होता. गॅरेजचं नाव घेत नाही, तेव्हा काम चकाचक दिसलं होतं.

आत्ता सीटखाली हात घातला. थिंबलखाली जाड काळा रंग आणि रंगाच्या कडेला तपकिरी चूर्ण. थिंबलचं टोक निळसर पडलंय. हात लावला तर बोल्ट पाव फेरा फिरला.

रंग खरवडून पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, नवी थिंबल, नवा बोल्ट, दातेरी वॉशर, आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. परत मोजलं: मायनसची पडझड ०.१. पंपावर १२.४. खर्च चाळीस रुपये.

आज्जीची_पद्मिनी, दादर

चाळीस रुपये! आणि मी इथे पॉपकॉर्न घेऊन १७ व्होल्टची वाट बघत बसलो होतो.

डेट्रॉइटकर, मिशिगन

प्लसचे १.३ अजून शिल्लक आहेत. वीस वर्षांची गाडी, रिलेचे कॉन्टॅक्ट, फ्यूजबॉक्स, चार सॉकेट, लांब वायर, सगळ्यांनी थोडं थोडं खाल्लं असणार. एकेक हुडकत बसण्यापेक्षा वेगळी लाइन ओढा.

एक गोष्ट मात्र करू नका. आमच्या ट्रॅकवर एकाने पंप थेट डॅशबोर्डवरच्या बटणावर घेतला होता. गाडी टायरच्या भिंतीत गेली, इंजिन बंद, पंप चालूच. पाइप फुटलेला नव्हता म्हणून वाचला.

वायरमन_कोल्हापूर

बरोबर. म्हणून सांगतो कसं करायचं.

जुनी पंपाची प्लस वायर तोडून टाकायची नाही. तिला आता फक्त निरोप्याचं काम. नवीन ४० अँपियरचा रिले घ्यायचा. जुन्या वायरीचा करंट ८६ला, ८५ अर्थला. रिलेची कॉइल नखाएवढाच करंट खाते, त्यामुळं जुन्या वायरीत आता पडझड काय होत नाही. ३०ला बॅटरीवरनं थेट जाड वायर, ८७वरनं पंप. म्हंजे ईसीयूनं पंप बंद केला की रिले सुटतो, पंप बंद. इंजिन बंद पडलं, अपघात झाला, तरी मूळची सगळी सुरक्षा जशीच्या तशी.

फ्यूज बॅटरीपासनं वीतभराच्या आत. पंपाजवळ नव्हे! वायर मधीच कुठं पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर फ्यूज तिच्या अलीकडं पाहिजे. तुमच्या पंपाला १५चा पुरे.

वायर चार स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर), पूर्ण तांब्याची. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली मिळते, स्पीकरवाले खपवतात. एक तार सुरीनं खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर परत करा. पाच मीटरला ७.५ अँपियरवर दीड स्क्वेअरमधी अर्धा व्होल्ट जातो, चार स्क्वेअरमधी ०.२ पण जात नाही. सहा-दहा स्क्वेअरची घेऊन मिरवायची गरज नाही, सॉकेटच्या पिनंत बसतबी नाही.

जोड क्रिंप करायचे, चांगल्या पकडीनं, वर हीटश्रिंक. नुसता सोल्डर हलत्या गाडीत जिथं संपतो तिथंच वायर तुटते. पत्र्यातनं जाताना रबर ग्रोमेट, सगळीकडं नागमोडी पाइप, सायलेन्सरपासनं लांब.

आणि टाकीच्या आतली वायर बदलायची झाली तर साधी वायर चालत नाही. पेट्रोलात तिचं प्लास्टिक फुगतं, मऊ होतं. पेट्रोलात बुडवायची म्हणून मिळते तीच. नसेल मिळत तर आतल्या वायरीला हात लावू नका.

टीएसआय_प्रेमी, नाशिक

पोलो जीटी टीएसआय आहे. मी पण असाच रिले टाकू का? स्टेज वन (पहिल्या टप्प्याचं रीमॅप) केलंय.

ऑकलंडचा_बाळ, न्यूझीलंड

नको!! तुमच्या गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. टाकीतला पंप फक्त पुढच्या, कॅमवर चालणाऱ्या हाय-प्रेशर पंपाला पेट्रोल पोहोचवतो. टाकीतल्या पंपाला मॉड्यूल तुकड्या-तुकड्यांनी करंट देऊन लागेल तेवढाच चालवतं. तिथे थेट १२ व्होल्ट जोडलेत तर ईसीयूच्या हातातला लगाम जातो आणि तो एरर कोड टाकत बसतो. मल्टिमीटरवर ८-९ व्होल्ट दिसले तरी घाबरू नका, मीटर त्या तुकड्यांची सरासरी दाखवतो. तुम्ही स्कॅनरवर लो-प्रेशर आणि हाय-प्रेशरचे मागितलेले आणि मिळालेले आकडे लॉग करा. दोन्ही जुळत असतील तर स्टेज वनला काही करायचं नाही.

घाटवेडा, सातारा

ते सगळं ठीक. पण व्होल्टेज वाढवलं की पावर वाढते हे तर खरं ना? माझ्या ट्यूनरने दाखवलंय.

मीटरवाली, ठाणे

पेट्रोल पुरत असेल तर पंपाला ११ द्या की १४, इंजेक्टर जेवढं उघडतो तेवढंच आत जातं, बाकीचं रेगुलेटर परत पाठवतो. कमी पडत होतं आणि आता पुरतंय, असं असेल तर गेलेली ताकद परत मिळते. त्याला वाढ म्हणायचं असेल तर म्हणा, उसने परत आले की आपण पगारवाढ म्हणत नाही.

अवांतर पण जवळचं: व्होल्टेज इंजेक्टरलाही लागतं. १४ व्होल्टला इंजेक्टर पटकन उघडतो, ११ला रेंगाळतो. ईसीयूत त्यासाठी तक्ता असतो, पण ईसीयू व्होल्टेज स्वतःच्या पिनेवर मोजतो. इंजेक्टरच्या वायरीत पडझड असेल तर त्याला पत्ता नाही. धाग्याचा विषय नाही म्हणून इथेच थांबते.

चौथागियर, पुणे

वेगळी लाइन ओढली. दोन संध्याकाळी गेल्या. वायर, रिले, फ्यूज होल्डर, थिंबल धरून चौदाशे रुपये. प्लसची पडझड आता ०.३, पंपावर १३.४.

मग "बादली टेस्ट" केली. रेलवरून परत जाणारा रिटर्न पाइप काढून पाच लिटरच्या कॅनमध्ये सोडला, इंजिन बंद, पंप जंपर देऊन चालू. इंजिन पीत नसल्यामुळे पंप देतो तेवढं सगळं कॅनमध्ये. बॅटरीला चार्जर लावून १३.८वर धरली, नाहीतर इंजिन बंद असताना साडेबाराच मिळतात आणि आकडा खोटा येतो. १ बार बूस्टचं नाटक करायला रेगुलेटरची व्हॅक्युमची नळी काढून तिथे गेजवाला हातपंप लावला. १ बार भरला की रेलचं प्रेशर ३चं ४ होतं. उघड्या अंगणात, शेजारी अग्निशामक, आणि आई खिडकीतून "काय चाललंय हे" म्हणत.

तीस सेकंदांत ४ बारला ९०० मिली, तासाला १०८ लिटर. ताईंच्या ९०-९५च्या वर.

मग कुतूहल म्हणून मुद्दाम जुन्या वाटेवरून मोजलं. मूळची प्लस वायर, आणि अर्थच्या थिंबलखाली जुन्याइतकीच पडझड येईल असा गंजका तुकडा. पंपावर ११च्या आसपास. तीस सेकंदांत ६४० मिली, तासाला ७७. लागतात ७५! म्हणजे मी सुईच्या टोकावर चालत होतो. दुपारी पेट्रोल तापलं, एसी लागला, की टोकावरून खाली.

वायरमन_कोल्हापूर

गंजका तुकडा मुद्दाम घालून मोजणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा बघितला. नाद खुळा.

घाटवेडा, सातारा

बरं बाबा. काल सीट उचलली. सॉकेटची एक पिन तपकिरी झालीय आणि प्लास्टिक जरा वितळल्यासारखं. पंपावर ११.६. वायरमन दादा, व्यक्तिगत निरोप केलाय.

डेट्रॉइटकर, मिशिगन

सॉकेट बदलल्याशिवाय चालवू नका, घाटवेडा. वितळलेली पिन टाकीच्या झाकणावरच असते.

टीएसआय_प्रेमी, नाशिक

लॉग केलं. मागितलेले-मिळालेले जुळतायत. धन्यवाद, चौदाशे वाचले. आणि एक प्रश्न, असं केलं तर विम्याला किंवा आरटीओला काही?

मीटरवाली, ठाणे

गंजलेला अर्थ घासणं ही दुरुस्ती आहे, तिला कुणी हरकत घेणार नाही. पण रीमॅप, मोठा टर्बो, बूस्टर या गोष्टी मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२खाली येऊ शकतात. कंपनीने नोंदवलेल्या तपशिलापासून गाडी बदलायला त्यात मनाई आहे. विमा कंपनी क्लेमच्या वेळी तेच पान उघडते. रस्त्यावर चालवणार असाल तर डोळे उघडे ठेवून करा.

चौथागियर, पुणे

शेवटचं अपडेट. काल डायनोवर नेली. आयडलला बेस प्रेशर तपासलं, व्हॅक्युमची नळी काढून ३ बार, म्हणजे रेगुलेटर जास्तीचं पेट्रोल परत पाठवू शकतोय, बाळाने सांगितलेला घोळ नाही. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर लॅम्डा ०.८२ ते ०.८३, लाल रेषेपर्यंत हलला नाही. ताकद चार-पाच अश्वशक्तीच वाढली, तीही टायमिंग मागे जाणं थांबल्यामुळे. पण ग्राफची शेपटी जी पाच हजारांवर कोसळायची ती आता सरळ आहे. मित्राला त्याचा बूस्टर परत दिला. तो जरा फुगलाय (मित्र).

एक तक्रार आहे. पंप आता आयडलला ऐकू येतो. बारीक घूंऽऽ असा. काल सिग्नलला आई मागे बसली होती, म्हणाली, "अरे, माझ्या सीटखाली मिक्सर ठेवलायस का?"

ऑकलंडचा_बाळ, न्यूझीलंड

काकूंना सांगा, सुप्रामध्ये ९ व्होल्ट त्यासाठीच देतात.

मीटरवाली, ठाणे

आवाज पहिल्यापासून असाच आहे की वाढत चाललाय ते दोन आठवडे ऐका. वाढत असेल तर वीस वर्षांचा पंप आहे, त्याचं वय झालंय. आणि पावसाळा संपला की अर्थ परत मोजा. ०.१ लिहून ठेवलाय मी.